दाजींना घेऊन समुद्रसपाटीखाली

रविवार, ता. ५ फेब्रुवारी १९८४. स्थळ: दक्षिण इस्राएलमधलं ओफाकिम, माझ्या थोरल्या बहिणीच्या घरातलं जेवणाचं टेबल. हजर: ताई, तिचे यजमान हाईमदाजी, त्यांचा मुलगा दानी, दानीची बायको मझल आणि मी. टेबलावर माझे चारशे वीस डॉलर. सरकारी नियमाने पाचशे मिळाले होते. ऐंशी अथेन्सला पुढचं विमान चुकल्यामुळे हॉटेलात गेले. याशिवाय दानीने एका निवासगृहात आगाऊ भरलेले बारा हजार शेकेल. ते अर्थातच टेबलावर नव्हते, पण बोलणं त्यांच्याबद्दलच चाललं होतं.

इकडे येऊन गेलेले आमचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू लोक, वर्णनाची सुरुवात जेरुसलेमपासून करतात. जेरुसलेम मीही पाहिलं, परतीच्या आधी दीड दिवस, आणि ते चांगलं आहे. पण माझा प्रवास ज्यासाठी झाला ते या टेबलावर होतं, म्हणून इथूनच सांगतो.

दाजी परळच्या एका गिरणीत कापूस पिंजण्याच्या खात्यात होते. १९६६ साली कुटुंब इकडे आलं. ओफाकिममध्ये त्यांना कापडाच्याच कारखान्यात घेतलं आणि पुन्हा पिंजण्याच्याच खात्यात लावलं, कारण अनुभव होता. दोन्ही देशांचा कापूस त्यांच्या छातीत आहे. त्यावर सिगारेट. गेली दोन वर्षं त्यांना धाप लागे, आणि वर्षभरापासून डोक्यातही काहीतरी बिघडलं होतं. कारखान्याचा भोंगा झाला की ते चप्पल घालून निघत आणि मोठ्या रस्त्यावर जाऊन परळच्या गिरणीचा दरवाजा शोधत. दोनदा गॅस उघडा राहिला. दानी लोदच्या विमानतळावर सामान चढवण्याच्या कामावर. आठवड्यातले पाच दिवस तो तिकडेच राहतो. घरात साठी उलटलेली ताई आणि सहा महिन्यांची गरोदर मझल. म्हणून दानीने किनाऱ्याकडच्या एका गावात, डोकं फिरलेल्या म्हाताऱ्यांना ठेवतात अशा निवासगृहात, पहिल्या मार्चपासून एक खाट धरली होती.

"मामा, तू हिशेब कर," तो म्हणाला. "अब्बाला घरी ठेवलं तर आई आधी जाईल. मग अब्बाला कोण बघणार? शेवटी तीच खाट. बेसेदेर?" बेसेदेर म्हणजे ठीक आहे. इथे हा शब्द ठीक नसलेल्या गोष्टींनाही लावतात.

ताई म्हणाली, "त्यांना वेड नाही लागलेलं. दम वरपर्यंत पोचत नाही." आणि तिने स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं.

मला बोलावण्याचं कारण हेच होतं. मी ठाण्याला ऑक्सिजनच्या टाक्या भरणाऱ्या कारखान्यात हिशेबनीस आहे. ताईच्या मते ऑक्सिजनबद्दल घरात अधिकाराने बोलू शकेल असा मी एकटाच. मला एका घनमीटरचा भाव पाठ आहे. ऑक्सिजन माणसाच्या डोक्यात जाऊन काय करतो हे मी कधी पाहिलं नव्हतं. मी तसं सांगितलंही. ताईने ते मनावर घेतलं नाही.

दाजी सगळं शांतपणे ऐकत होते. ओठ निळसर, बोटांची टोकं फुगलेली. मी आल्यावर त्यांनी मला बसायला सांगितलं होतं आणि पगार उद्या होईल असं आश्वासन दिलं होतं.

ठरलं ते असं: ताईला कुणीतरी सांगितलं होतं की मृत समुद्रावर हवा दाट असते आणि दमेकरी तिथे सुधारतात. माझ्या डॉलरात दाजींना दहा दिवस तिथे न्यायचं. जाण्याआधी आणि आल्यावर सरकारी समाजखात्याच्या बाईने स्मरणशक्ती तपासणारे तेच प्रश्न विचारायचे. फरक पडला नाही, तर पहिल्या मार्चला दाजी जातील आणि ताई काही बोलणार नाही.

ओफाकिम: बारा प्रश्न

ओफाकिम हे वाळवंटाच्या कडेला सरकारने बसवलेलं गाव आहे. चार मजली सिमेंटच्या इमारती, सगळ्या सारख्या. मी पहिल्या दिवशी दोनदा दुसऱ्यांच्या जिन्यात शिरलो आणि एकदा एका मोरोक्कन आजीबाईंकडे चहा पिऊन परत आलो. सकाळी न्याहारीला काकडी आणि टोमॅटो बारीक चिरून देतात. आपण त्याला कोशिंबीर म्हणू, पण इथे ते मुख्य अन्न आहे. मी आमसुलं नेली होती. ताईने ती गोड्या पाण्यातल्या कार्प माशाला लावून नारळाच्या रसात कालवण केलं. आमसुल लावलं तरी कार्पचा बांगडा होत नाही. तरी दाजी दोनदा वाढून घेऊन जेवले, आणि गिरणीच्या खाणावळीपेक्षा बरं आहे असं म्हणाले.

मंगळवारी दिवस मावळल्यावर समाजखात्याची बाई आली. तिशीची, इराकहून आलेल्या आईबापांची मुलगी, अतिशय सभ्य. तिने नियम सांगितला: प्रश्न ताईने मराठीत विचारायचा, पण उत्तरात मदत करायची नाही. बारा प्रश्नांतली तीन उत्तरं बरोबर आली. नऊ चुकली.

आज वार कोणता? दाजी म्हणाले, बुधवार. आता कोणता सण येणार? होळीचा सण. वय काय? बहात्तर, ओळखपत्रावर अडुसष्ट. राजधानी कोणती आणि ती कुठल्या बाजूला? जेरुसलेम, आणि हात पश्चिमेला, म्हणजे समुद्राकडे. आपण कुठे आहोत? परळला. पावाचा भाव? आठ आणे. मुलांची नावं? त्यांनी आपल्या भावांची सांगितली. विसापासून उलटे आकडे म्हणा. ते सतरापर्यंत आले आणि सतरावरच फिरत राहिले. शेवटी तिने मझलकडे बोट दाखवलं: या कोण? दाजींनी नीट पाहिलं आणि म्हणाले, "नर्सबाई आहेत. फार चांगल्या आहेत."

होळीच्या उत्तराला ताईने तोंड उघडलं होतं, पण बाईने नम्रपणे हात वर केला.

ती गेल्यावर मी ताईबरोबर नऊ चुका पुन्हा पाहिल्या. हिशेबात फरक आला की आम्ही आधी पाहतो, फरक एकाच कारणाचा आहे की दोन कारणांचा. इथे दोन होती. आमच्यात दिवस मावळला की पुढचा वार लागतो. मंगळवारच्या सांजेला बुधवार म्हणणारा माणूस या देशात तरी चूक ठरायला नको होता. ज्याला इथे पुरीम म्हणतात त्याला कोकणात आमचे वाडवडील होळीचा सणच म्हणत, कारण दोन्ही एकाच सुमारास येतात. वयाचं म्हणाल तर दाजी खरोखरच बहात्तरचे आहेत. गिरणीत जास्त वर्षं राहता यावं म्हणून चार कमी लावली होती, आणि पासपोर्टावर गिरणीतलं वय आलं. आणि मुंबईत आम्ही प्रार्थनेला पश्चिमेकडे तोंड करतो, कारण तिथून जेरुसलेम पश्चिमेला आहे. दाजींनी आयुष्यभर जेरुसलेम पश्चिमेला ठेवलं होतं. ओफाकिमला आल्यावर ते ईशान्येला सरकलं, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

तेव्हा चार चुका कोकणच्या. उरलेल्या पाच दमाच्या. मी मझलला हे इंग्रजीत सांगितलं. तिने पोटावर हात ठेवून विचार केला आणि विचारलं, मी कुठल्या भागात येते? मी म्हटलं, दमाच्या.

बिरशेबा: उपाशी आणि मेलेलं

गुरुवारी बिरशेबाच्या इस्पितळात छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मझल बरोबर आली, कारण इथल्या खिडक्यांवर रांग नसते, गर्दी असते, आणि गरोदर बाईला पुढे जाऊ देतात. डॉक्टरीणबाई रुमानियाच्या, इंग्रजी स्वच्छ. त्यांनी दाजींच्या मनगटातल्या धमनीतून रक्त काढलं. ते नेहमी दिसतं त्यापेक्षा काळं होतं. अर्ध्या तासाने रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा आला: बावन्न. निरोगी माणसाचा नव्वदच्या आसपास असतो.

मला आकडा मिळाला की मी प्रश्न विचारतो. बाईंनी सगळ्यांची उत्तरं दिली. मेंदू वजनाने शरीराचा पन्नासावा हिस्सा, पण ऑक्सिजनचा पाचवा हिस्सा तो एकटा खातो. (आमच्या कारखान्यातही असं एक खातं आहे, त्याचं नाव लिहीत नाही.) पुरवठा पूर्ण तुटला तर त्यातल्या पेशी काही मिनिटांत मरतात. पुरवठा कमी पडला तर त्या लगेच मरत नाहीत, काम कमी करतात. आणि आठवण ठेवणाऱ्या पेशी सगळ्यांत नाजूक, म्हणून पहिलं तेच काम बंद पडतं.

"म्हणजे ताई म्हणते ते खरं," मी म्हणालो.

"अर्धं," बाई म्हणाल्या. "तुमच्या मेहुण्यांच्या डोक्यात काही पेशी उपाशी आहेत आणि काही मेलेल्या आहेत. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. खायला घालून पाहायचं. उठल्या त्या उपाशी होत्या."

मग त्यांनी मझलच्या पोटाकडे हात केला आणि मला विचारलं, आतल्या बाळाचा आकडा किती असेल? मी म्हणालो, आईइतका, म्हणजे नव्वद. त्या म्हणाल्या, तीसच्याही खाली. माझा विश्वास बसला नाही. मी आकडा पुन्हा विचारून घेतला. तीसच्या खाली. जगातल्या सगळ्यांत उंच डोंगराच्या टोकावर माणसाला मिळेल तेवढ्यात ते मूल अख्खा मेंदू बांधत असतं. त्याचं रक्त निराळं असतं, आणि त्याच्या पेशींना अजून बांधायचं असतं, चालवायचं नसतं; बाकी कसं जमतं ते पूर्ण कुणाला ठाऊक नाही. पण तेच मूल बाहेर येताना काही मिनिटं अडकलं तर नुकसान होतं. आणि दिवस भरायच्या आत आलं व पेटीत ठेवून ऑक्सिजन सढळ हाताने दिला, तर डोळे जातात.

"मग योग्य किती?" मी विचारलं.

"कुणाला आणि केव्हा, त्यावर आहे," त्या म्हणाल्या. असं उत्तर मला ऑफिसात कुणी दिलं तर मी चालवून घेत नाही. पण मी ताईला मराठीत सांगितलं ते असं: ज्या भावात पोटातलं पोर डोकं उभं करतं, त्याच्या जवळजवळ दुपटीत दाजींचं डोकं पडतंय.

ताई मझलकडे बघत राहिली. दाजींनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "पुढची पाळी कुणाची?" मृत समुद्राच्या बेताला मात्र त्या नाही म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, जा. त्याने फुप्फुसं सुधारत नाहीत, पण काय उठतं ते कळेल.

उतार

बस रविवारी सकाळी निघाली. इथल्या बसमध्ये शिपाई बंदूक मांडीवर घेऊन झोपतात आणि बाकीचे लोक सूर्यफुलाच्या बिया सोलून टरफलं खाली टाकतात. आपल्याकडे शेंगांची टाकतात; बंदुकीची सवय व्हायला वेळ लागतो. बाहेर पिवळं वाळवंट, त्यात कुठे काळा तंबू, पाचपंचवीस शेळ्या आणि शेळ्यांकडे पाठ करून उभा एखादा माणूस.

गंमत अशी की खाली जायला आधी वर जावं लागतं. अराद हे गाव समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंच. तिथे पोचेपर्यंत दाजींची मान खाली गेली. ड्रायव्हरकडे जाऊन त्यांनी परळचं तिकीट मागितलं. ड्रायव्हरने हातानेच बसायला सांगितलं. ताई माझ्याकडे पाहत नव्हती. मनातल्या मनात मी बारा हजार शेकेल परत मिळण्याची शक्यता सोडून दिली.

अरादनंतर रस्ता एकदम खाली पडतो. कानात दडे बसले. अर्ध्या वाटेत डोंगराला एक पाटी आहे: समुद्रसपाटी. आपल्याकडे ही पाटी समुद्राजवळ असते. इथे ती डोंगराच्या पोटात आहे आणि बस तिच्याही खाली उतरत राहते, आणखी जवळजवळ चारशे मीटर. तळाशी एक पांढुरका निळा तलाव, पलीकडे जॉर्डनचे डोंगर, मध्ये काही नाही. हवेच्या वजनाचा हिशेब मी आधीच केला होता: ओफाकिमच्या मानाने शेकडा सहा-सात जास्त ऑक्सिजन. आमच्या कारखान्यात एवढी वाढ गळतीत धरतात.

मृत समुद्र

आम्ही कड्याखालच्या एका साध्या अतिथिगृहात उतरलो. गंधकाचा वास सगळीकडे. त्वचारोगासाठी आलेले जर्मन आणि डेनिश लोक दिवसभर उन्हात पडलेले असत, कपड्यांच्या बाबतीत काटकसर करून. ताईने पहिल्या दिवशी दाजींची खुर्ची डोंगराकडे फिरवून ठेवली.

पाण्यात मीही उतरलो. सकाळीच दाढी केली होती, हे तिथे गेल्यावर चांगलंच लक्षात आलं. त्या पाण्यात बुडता येत नाही आणि उभंही राहता येत नाही. पाय आपोआप वर येतात. मी उलथलो, डोळ्यांत पाणी गेलं, आणि एका जर्मन बाईंनी मला खांद्याला धरून किनाऱ्यावर आणून सोडलं.

ताईने खोलीत स्टोव्ह लावला. व्यवस्थापक आला आणि म्हणाला, इथे मांसाचा आणि दुधाचा स्वयंपाक वेगळा चालतो, तुम्ही एकाच पातेल्यात कोंबडी आणि दूध घातलंय. ताईने त्याला नारळ दाखवला. तिच्या हिब्रूत त्याला नीट समजलं नसावं, कारण दुसऱ्या दिवशी तो आपल्या धर्मगुरूंना घेऊन आला. त्यांनी नारळ हातात घेतला, वास घेतला, आणि परवानगी दिली. पण स्टोव्ह बाहेर व्हरांड्यात न्यायला लावला.

दाजींची प्रगती पहिले दोन दिवस शून्य. तिसऱ्या दिवशी ते जवळजवळ अखंड झोपले. ताई तासातासाला नाकाशी बोट धरून बघायची. चौथ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात बसले असताना त्यांनी दूर दक्षिणेकडे हात केला. तिथे समुद्रातून क्षार काढण्याचा कारखाना आहे, धूर दिसतो.

"तिथे दोन पाळ्या चालतात की तीन?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ठाऊक नाही.

"तीन असणार. धूर थांबत नाही." मग त्यांनी मान फिरवली. "सॅमसन, तू ठाण्याहून कधी आलास?"

एवढ्या दिवसांत त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. मी तारीख सांगितली. मग ते ताईकडे वळले. ती व्हरांड्याच्या कोपऱ्यात नारळ खवत होती.

"तुझे केस कधी पांढरे झाले?"

ताई खवतच राहिली. "तुम्ही झोपला होतात तेव्हा," ती म्हणाली.

पुढच्या दिवसांत ते हळूहळू पायरी पायरी उजेडात आले. पाण्याला हात लावून ते म्हणाले, हे लोणच्याचं पाणी आहे, यात माणूस घालत नाहीत. खोलीचे पैसे आगाऊ दिल्याबद्दल त्यांनी मला बोल लावले. ओफाकिमच्या घराचं भाडं, दानीच्या लग्नातलं जेवण, कारखान्यातला आवडता फोरमन, सगळं आलं. लग्नातलं जेवण आलं, पण नवरी आली नाही. "दानीचं लग्न कुणाशी झालं?" ताईने सहज विचारल्यासारखं विचारलं. ते समुद्राकडे वळले. "चांगली मुलगी असणार," ते म्हणाले.

श्रेय कशाला किती, हे मला वेगळं काढता आलेलं नाही. हवा दाट होती. पण सिगारेटचं दुकानही बरंच लांब होतं, कापसाची धूळ नव्हती आणि झोप भरपूर होती. खर्च एका खात्यावर आणि फायदा चार खात्यांवर, असं झालं.

पुन्हा ओफाकिम

परतताना बुधवारी, ता. २२ ला, बिरशेबाला पुन्हा रक्त दिलं. त्रेपन्न. मी कागद उलटा धरला आहे का तेही पाहिलं. डॉक्टरीणबाईंना आश्चर्य वाटलं नाही. "खाली उसना मिळाला, वर येऊन परत केलात," त्या म्हणाल्या. "आज डोकं जागं आहे. पंधरा दिवसांत पुन्हा झोपेल." मग त्यांनी नाकाला नळी लावून दाजींना अर्धा तास टाकीवर बसवलं आणि पुन्हा रक्त घेतलं: सहासष्ट. घरी टाकी ठेवा, दिवसाचे पंधरा तास, मिनिटाला एक लिटर. जास्त नाही. जास्त दिला तर या माणसाचं शरीर श्वास घ्यायचा आळस करील आणि झोपेतून उठणार नाही. खोलीत सिगारेट नाही, ज्योत नाही. आरोग्य निधीची मंजुरी यायला दोन महिने लागतील, तोवर पैसे घरचे. बाजारातल्या एका टाकीवाल्याला त्यांनी तिथूनच फोन केला. त्याने शुक्रवारी टाकी आणायचं कबूल केलं आणि सहा हजार अनामत सांगितली.

गुरुवारी अंधार पडल्यावर समाजखात्याची बाई आली. दानीही लोदहून आला होता. तो दाराला टेकून उभा राहिला.

आपण कुठे आहोत? ओफाकिम. मुलांची नावं? बरोबर. विसापासून उलटं? शेवटपर्यंत, कुठे न थांबता. पावाचा भाव? दाजींनी विचारलं, "कालचा की आजचा?" महागाई त्या वर्षी अशी होती की दुकानदार पेन्सिलीने भाव लिहीत. बाई हसली आणि तिने पूर्ण गुण दिले.

वार मात्र त्यांनी शुक्रवार सांगितला. सण होळीचा. वय बहात्तर. जेरुसलेम पश्चिमेला. मी हात वर केला आणि कोकणच्या चारही चुका समजावून सांगितल्या; मझलने हिब्रू केलं. बाईने ऐकून घेतलं. तिचे आजोबाही मावळतीनंतर पुढचाच वार सांगायचे, असं ती म्हणाली, आणि चारही उत्तरांपुढचं काही खोडून काही लिहिलं.

शेवटी तिने मझलकडे हात केला. या कोण?

दाजींनी पाहिलं. या वेळी त्यांना कळत होतं की आपल्याला हे माहीत असायला हवं. कपाळाला आठ्या पडल्या. ताई डोळे मिटून बसली होती.

"नर्सबाई," ते म्हणाले, आणि उत्तर चुकलं हे आमच्या तोंडांवरून ओळखून खाली बघायला लागले.

बाईने सांगितलं, माझ्या मते हे घरी राहू शकतात, पण ठरवायचं घरच्यांनी. ती गेली. दानी दारातून हलला नाही.

"त्याला फोरमन आठवतो," दानी म्हणाला. "पावाचा भाव आठवतो. वर्षभर हिने त्याला भरवलं, रस्त्यावरून धरून आणलं. ती तेवढी आठवत नाही. ही सुधारणा आहे का मामा?"

मी म्हणालो, ज्या पेशी उपाशी होत्या त्या उठल्या. हिचं नाव ज्यांच्यात असायला हवं होतं त्या गेल्या असाव्यात, किंवा ती घरात आली तेव्हाच बंद पडत चालल्या होत्या. त्या परत येतील असं मी सांगू शकत नाही. खोटं सांगून उपयोग नव्हता. मार्च आठवड्यावर आला होता.

मझलने विचारलं आम्ही काय बोलतोय. दानीने हिब्रूत सांगितलं. ती मग सरळ दाजींच्या समोर खुर्ची ओढून बसली आणि हिब्रूत एक वाक्य बोलली, सावकाश, कारखान्यात बोलतात तसं. ताईने मला नंतर अर्थ सांगितला: मी मझल. दानीची बायको. उद्या पुन्हा सांगेन.

दाजींनी मान डोलावली. मझल दानीकडे वळून म्हणाली, नाहीतरी तीन महिन्यांत आणखी एकाला माझी ओळख करून द्यायचीच आहे.

दानी जेवला आणि लोदला जाणारी शेवटची बस पकडायला निघून गेला. खाटेबद्दल एक शब्द नाही.

शुक्रवारी सकाळपासून मी खोलीची व्यवस्था लावली. शब्बाथचा, म्हणजे शुक्रवारच्या मावळतीला सुरू होणाऱ्या विसाव्याच्या दिवसाचा, दिवा ताई त्याच खोलीत लावायची, खोबरेल तेलाचा, मुंबईहून आणलेल्या काचेच्या हंडीत. तो दिवा स्वयंपाकघरात हलवला. ताईला हे पटलं. तेलाच्या हाताने टाकीची चावी धरायची नाही, शुद्ध ऑक्सिजनला तेल लागलं की पेट घेतं, हेही पटलं. आमच्या कारखान्यात नव्या माणसाला पहिलं तेच शिकवतात. पण एक लिटर तिला पटेना. तिच्या हाताला मोजून वाढायची सवय नाही. "दोन केलं तर काय होईल? माणूस आजारी आहे." मी आधी डॉक्टरीणबाईंचं कारण सांगितलं. मग दुसरं: सात घनमीटरची टाकी एका लिटरने आठवडाभर पुरते, दोनाने चार दिवसांत संपेल, आणि शब्बाथच्या दिवशी टाकीवाला येत नाही. ताईने तेव्हा चावीवरचा हात काढला.

दाजींची सिगारेट त्यांनी स्वतःच मझलकडे दिली. ठेवा नर्सबाई, म्हणाले. तिने पुन्हा एकदा स्वतःची ओळख सांगितली.

टाकीवाला दुपारी तीनला आला, घाईत, कारण मावळतीच्या आत त्याला घरी पोचायचं होतं. त्याने आणि त्याच्या भावाने टाकी तिसऱ्या मजल्यावर चढवली. अनामत बुधवारी सहा हजार होती, आता सात. गॅस बाराशे, चढवण्याचे दोनशे. माझ्याकडे डॉलर उरले होते, पण टाकीवाल्याला शेकेलच हवे होते, आणि बँक बारालाच बंद झाली होती. ताईच्या डब्यात साडेतीन हजार निघाले. टाकीवाल्याने घड्याळ पाहिलं आणि टाकी पुन्हा तिरकी केली.

तेवढ्यात दानी आला. तो लोदहून थेट आला नव्हता. वाटेत किनाऱ्याकडच्या गावी उतरून आला होता. खिशातून पाकीट काढून त्याने टेबलावर ठेवलं. निवासगृहाने तीन हजार कापून घेतले होते. उरलेले नऊ हजार त्यात होते.

टाकी सरळ झाली. नळी लावली. पावती फाडताना टाकीवाल्याने विचारलं, नाव आणि पत्ता? दानी बोलणार, त्याआधी खुर्चीतून दाजी बोलले. कारखान्यापुरत्या हिब्रूत त्यांनी आपलं नाव, गल्ली, इमारत, जिन्याचा आकडा आणि मजला सांगितला, आणि वर मराठीत, "खाली उतरताना सांभाळून. दुसऱ्या मजल्यावरचा दिवा गेलाय."

टाकीवाल्याला मराठी कळलं नाही. दानीने त्याला सांगितलं, आणि पैसे मोजले. अनामत सात हजार, गॅस बाराशे, मजुरी दोनशे. एकूण आठ हजार चारशे शेकेल, शुक्रवार ता. २४ फेब्रुवारी, सूर्य मावळण्यापूर्वी, दानीकडून टाकीवाल्याला रोख पोचले.